एक कंटेनर, तीन कारखाने : जळगावच्या चटईचे निर्यात प्रकरण

जळगावच्या एमआयडीसीत चटई विणणारा लूम बंद पडला तर शेजारच्या कारखान्यातला फिटर बोलावता येतो. प्लॅस्टिकच्या दाण्याची गाडी रस्त्यात अडकली तर शेजाऱ्याकडून चार गोण्या उसन्या मिळतात. मात्र ऑर्डर कुठल्या पार्टीची आहे आणि भाव काय सुटला, हे शेजाऱ्याला कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. या प्रकरणातल्या कारखानदाराला स्वतःच्या नावाने परदेशी माल पाठवायचा होता, तेव्हा त्याची गाडी नेमकी इथेच अडली. जिल्ह्यातल्या व्यापारी-उद्योजकांची संघटना, जिला सगळे नुसते 'चेंबर' म्हणतात, तिचा त्याला काय उपयोग झाला आणि कुठे झाला नाही, ते इथे सविस्तर मांडतो आहे. माणसांची आणि कारखान्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. धंदा चालू आहे, गिऱ्हाईकही तेच आहे. मी करसल्लागार आहे आणि चेंबरच्या निर्यातविषयक बैठकांना बसतो, त्यामुळे या व्यवहाराची कागदपत्रे माझ्या हाताखालून गेली आहेत.

मागणी आली ती अशी

खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाला केळी आठवतात, फार तर सोने आणि भरिताची वांगी. पण जळगावच्या डाळमिल, पीव्हीसी पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटया यांवर हजारो घरांची चूल पेटते. चटईचे काम थोडक्यात असे: पॉलिप्रॉपिलीनचा दाणा आणि रंगाचा मास्टरबॅच एक्स्ट्रूडरमध्ये वितळवून त्याची पोकळ काडी ओढायची, ती लूमवर विणायची, कडेला पट्टी लावून शिलाई मारायची आणि घडी घालून पॅक करायची.

आपल्या कारखानदाराचे, त्याला इथे भाऊ म्हणू, वडिलांच्या काळापासूनचे लूम आहेत. त्याचा माल आधीही परदेशी जात होताच. मुंबईतला एक व्यापारी-निर्यातदार माल उचलायचा, त्यावर स्वतःचे लेबल लावायचा आणि आखाती देशांत किंवा आफ्रिकेत पाठवायचा. त्यात गैर काहीच नाही. परदेशातून पैसे बुडण्याचा धोका तो व्यापारी अंगावर घेत होता. पण आपली चटई कोण वापरतो, त्याला कुठली नक्षी आवडते, तिथे ती कितीला विकली जाते, यातले भाऊला काहीच कळत नव्हते. दाण्याचा भाव वाढला की मुंबईवाला जुन्याच भावाने माल मागायचा आणि 'बाजार थंड आहे' एवढेच सांगायचा. खरे की खोटे, तपासायला भाऊकडे साधन नव्हते.

अशात दुबईच्या एका व्यापाऱ्याने चेंबरला पत्र पाठवले की चटई बनवणाऱ्यांची नावे कळवा. अशी चौकशीपत्रे चेंबरच्या कार्यालयात येत असतात. कार्यालयातला कर्मचारी ती त्या-त्या धंद्यातल्या सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतो आणि बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. कोणाला वाटते पार्टी बोगस असेल, कोणाला इंग्रजीत उत्तर लिहिण्याचा कंटाळा, कोणाला वाटते दुसऱ्याने दिले असेल उत्तर. भाऊने उत्तर दिले, नमुने पाठवले आणि मागणी हातात आली तेव्हा तो हबकला.

मागणीत तीन मापे होती, तीही सेंटीमीटरमध्ये. आपल्याकडे लूमची रुंदी फुटात बोलली जाते. सहा बाय नऊ फुटांची चटई म्हणजे साधारण १८३ बाय २७४ सेंटीमीटर. गिऱ्हाइकाला हवी होती १८० बाय २७०. कारण त्याची बॅग आणि त्यावरचा छापील कागद त्याच मापाचा. हा फरक शिलाईत सांभाळता आला असता. पण उरलेल्या दोन मापांपैकी एक अरुंद लूमवरचे होते आणि दुसरे भाऊच्या कुठल्याच लूमवर बसत नव्हते. वर अट अशी की तिन्ही मापे एकाच कंटेनरमध्ये आली पाहिजेत.

ही अट हट्टाची नव्हती. चटई हलकी पण जागा खाणारी. चाळीस फुटी उंच कंटेनरची आतली जागा ७६ घनमीटरच्या आसपास असते. चटयांनी तो काठोकाठ भरला तरी वजनाची मर्यादा बरीच लांब राहते. जहाजाचे भाडे कंटेनरवर लागते, अर्धा रिकामा गेला तरी तेवढेच. आणि कंटेनर न घेता सुटा माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर पाठवला तर भाडे घनमीटरवर मोजतात, तिथे चटईसारखा फुगीर माल मार खातो. एकाच मापाने कंटेनर भरून पाठवला तर गिऱ्हाइकाच्या गोदामात वर्षभराचा एकच माल पडून राहणार. म्हणजे तीन मापे हवीतच, आणि ती एका कारखान्यात होत नाहीत.

एमआयडीसीत ती होत होती. अरुंद लूम पलीकडच्या गल्लीत होते, तिसरे माप दोन प्लॉट सोडून. दोन्ही ठिकाणचे मालक भाऊचे धंद्यातले प्रतिस्पर्धी.

पहिली बैठक

चेंबरची निर्यातविषयक बैठक महिन्यातून एकदा होते. चहा, फरसाण आणि एक लांब टेबल. भाऊने तिथे मागणीचा कागद काढला, पण गिऱ्हाइकाचे नाव आणि भाव यांवर त्याने हात ठेवला होता. बैठकीत डाळमिलवाले नाना होते. वय सत्तरीच्या पुढे. ते म्हणाले, "भाऊ, हात काढ. झाकून ठेवलं तर आम्ही मदत कशाची करायची? कंटेनर तुझ्या एकट्याचा भरत नाही, मग भाव झाकून कोणाला फायदा?"

नानांचे म्हणणे वजनाने घेतले गेले, त्यामागे कारण आहे. जळगावची डाळ एके काळी परदेशी जात होती आणि त्या काळात नानांच्या मिलमध्ये बँकेचे कागद, जहाजाचे कागद, हमीपत्रे सगळे रोजचे काम होते. जून २००६ मध्ये केंद्र सरकारने डाळींच्या निर्यातीवर बंदी घातली. काबुली हरभऱ्यासारखे काही अपवाद सोडले तर ती नोव्हेंबर २०१७ पर्यंत टिकली. अकरा वर्षांत मिलमधली निर्यातीची टेबले बंद झाली, मुनीम दुसऱ्या कामाला लागले, नव्या पिढीने शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याला द्यायचा कागद, पाहिलेच नाही. ज्ञान गेले म्हणावे तर ते नानांसारख्या काही माणसांच्या डोक्यात शिल्लक होते. त्या माणसांना बसायला जागा आणि ऐकायला माणसे चेंबरने ठेवली होती, म्हणून डाळीचा अनुभव चटईच्या कामी आला. माझ्या मते चेंबरची सगळ्यात मोठी ठेव हीच. एका मालाचा रस्ता बंद होतो, तेव्हा त्या रस्त्यावरून चाललेली माणसे दुसऱ्या मालाला वाट दाखवू शकतात. फक्त ती एकाच छताखाली टिकली पाहिजेत.

नानांनी त्या दिवशी स्वतःचीच एक जुनी फसगत सांगितली. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेले कागद बरोबर असतील तर पैसे देण्याच्या गिऱ्हाइकाच्या बँकेच्या हमीवर, गेलेला माल, माल उत्तम, पण बिलावर मालाचे वर्णन एका शब्दाने वेगळे होते. बँकेने कागद परत केले, तेवढ्यात तिकडे भाव पडला आणि गिऱ्हाइकाने सूट उकळली. लेटर ऑफ क्रेडिटचे जागतिक नियम, म्हणजे यूसीपी ६००, स्पष्ट सांगतात की बँक कागद तपासते, माल तपासत नाही. कागद पाहायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस मिळतात, आणि मूळ वाहतूक-कागद असेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत सगळे कागद बँकेत पोचावे लागतात. हे नियम पुस्तकात सापडतात. पण 'बिलावर चटई लिहू नको, त्यांनी पत्रात जे लिहिलंय तेच अक्षर न् अक्षर लिही' हे असे तोंडावर सांगणारा माणूस लागतो.

दोन्ही शेजारी पुढच्या बैठकीला आले. कसे आले, हे सांगितले पाहिजे. चेंबरचे अध्यक्ष त्यांच्या कारखान्यात जाऊन बसले. फोनवर हे जमले नसते.

भाव एकत्र बसून ठरवणे कायद्यात बसते का?

हा प्रश्न एका शेजाऱ्याने विचारला आणि तो रास्त होता. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन भाव ठरवणे हा स्पर्धा कायदा, २००२ प्रमाणे गुन्ह्याच्या वाटेवरचा विषय आहे, मोठा दंड होतो. पण त्याच कायद्याच्या कलम ३ च्या पोटकलम ५ मध्ये निर्यातीला सवलत आहे. करार निव्वळ निर्यातीच्या मालाचे उत्पादन, पुरवठा किंवा त्यावरचे नियंत्रण यांपुरता असेल तर ही मनाई आड येत नाही. म्हणून टेबलावर फक्त दुबईच्या मालाचा भाव बोलायचा, देशातल्या बाजाराचा शब्दही काढायचा नाही, अशी शिस्त ठरली. इतिवृत्तातही तसेच लिहिले. छोट्या संघटना इथे हयगय करतात. बैठकीच्या ओघात देशातला भाव निघतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अध्यक्षांनी दोनदा बोलणे मध्येच थांबवले, ते मला फार महत्त्वाचे वाटते.

काडीची जाडी आणि सीमाशुल्काचे प्रकरण

आता बारीक कामाकडे येतो, कारण या व्यवहारात सर्वांत जास्त वेळ त्यात गेला.

निर्यातीच्या प्रत्येक मालाला एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा जागतिक आकडा, लागतो. तिकडचे सीमाशुल्क, इकडची परतावा योजना, सगळे त्या आकड्यावर चालते. भाऊने मुंबईवाल्याच्या जुन्या बिलावरचा कोड उचलला होता. शेजाऱ्यांचे कोड वेगळे निघाले. तीन कारखाने, एकाच प्रकारची चटई आणि कोड निराळे. कोण बरोबर?

उत्तर काडीत होते. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात प्लॅस्टिकची काडी चपटी असेल तर तिची दिसती रुंदी पाहतात आणि गोल असेल तर आडव्या छेदातले माप. चपटी पट्टी ५ मिलिमीटरच्या आत किंवा गोल धागा १ मिलिमीटरच्या आत असेल तर तो वस्त्राच्या बाजूला जातो आणि त्याची अंथरायची चटई ५७व्या प्रकरणात, गालिच्यांच्या शेजारी बसते. त्याहून मोठी काडी असेल तर चटई ४६व्या प्रकरणात, वेत-गवताच्या विणकामाबरोबर. एका मिलिमीटरने माल गालिचा होतो किंवा टोपली होते.

एका शेजाऱ्याच्या मुलाने व्हर्निअर कॅलिपर आणले. टेबलावर तीन कारखान्यांच्या चटया उलगडल्या, कडेची शिलाई उसवली आणि काड्या ओढून मोजायला सुरुवात झाली. दोघांच्या काड्या एका बाजूला पडल्या, तिसऱ्याची दुसऱ्या. शिवाय एकाच्या चटईला वास येत होता. त्यात पुनर्वापराचा दाणा जास्त होता. गावात तो माल सरसकट खपतो, पण बंद कंटेनरच्या उन्हात आठवडे काढलेला माल उघडल्यावर काय होईल, याचा अंदाज सगळ्यांना आला. मालक काही बोलला नाही. त्याच बैठकीत ठरले की या मागणीसाठी तिघांनी एकाच मापाच्या डायमधून, म्हणजे साच्यातून, काडी ओढायची आणि कोरा दाणा वापरायचा. दाणा एकत्र मागवला, म्हणून थोडा स्वस्तही पडला.

पॅकिंगचा सल्ला भलतीकडून आला. पारोळ्याकडचे एक जिनिंग-प्रेसिंगवाले सभासद त्या दिवशी कापसाच्या कामाने आले होते. कापसाची गाठ दाबून बांधण्यात खानदेशाचा हात कोण धरणार! त्यांनी सुचवले की चटया हाताने रचण्यापेक्षा प्रेसखाली दाबून बांधा, कंटेनरमध्ये जास्त बसतील. करून पाहिले. जास्त दाबल्या तर घडीची रेघ उठते आणि चटई जमिनीवर सपाट पडत नाही. बेताने दाबल्यावर रेघही उठली नाही आणि जागाही वाचली.

एका बिलाखाली तिघांचा माल

परदेशी गिऱ्हाइकाला एकच बिल हवे असते. तिघांपैकी कोणाच्या नावावर? भाऊकडे आयात-निर्यात कोड होता, परदेशी पैसे घेणाऱ्या बँकेचा ओळख-क्रमांक, म्हणजे एडी कोड, बंदरावर नोंदला होता, आणि प्लॅस्टिक निर्यात प्रोत्साहन परिषद, जी १९५५ पासून आहे आणि धंद्यात प्लेक्सकॉन्सिल नावाने ओळखतात, तिचे सदस्यत्व प्रमाणपत्र चेंबरच्या मदतीने नुकतेच हाती आले होते. म्हणून निर्यातदार भाऊ, बाकी दोघे पुरवठादार.

आता दोघांनी भाऊला माल विकायचा तर जीएसटी लागणार. तो भाऊने भरायचा आणि परतावा मागत बसायचे, म्हणजे खेळते भांडवल अडकले. यावर २०१७ पासून सोय आहे. व्यापारी-निर्यातदाराला विकलेल्या मालावर फक्त ०.१ टक्का कर लावता येतो. अटी मात्र कडक आहेत. निर्यातदार निर्यात परिषदेचा नोंदणीकृत सदस्य हवा. बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. शिपिंग बिलावर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक आला पाहिजे. आणि माल पुरवठादाराकडून थेट बंदरावर जायला हवा. अनेकांचा माल एकत्र करायचा असेल तर तो नोंदणीकृत गोदामात यायला हवा आणि तिथून बंदरावर.

इथे भाऊची योजना कोसळली. त्याला वाटत होते, शेजाऱ्यांचा माल आपल्याच आवारात आणून कंटेनर भरू. नियमाप्रमाणे नोंदणीकृत गोदाम लागते. चेंबरच्याच एका वाहतूकदार सभासदाचे जीएसटीत नोंदलेले गोदाम एमआयडीसीलगत होते. त्याने पहिल्या खेपेला भाडे घेतले नाही. गोदामात माल आल्याची पोच प्रत्येक पुरवठादाराच्या बिलावर घेतली, प्रती दोघांना आणि त्यांच्या कर अधिकाऱ्यांना दिल्या, आणि भाऊने हमीपत्रावर, म्हणजे एलयूटीवर, कर न भरता निर्यात केली. हे लिहायला सहा ओळी लागल्या. प्रत्यक्षात माझ्या कार्यालयातली दोन माणसे यात गुंतली होती. ज्याच्यापाशी असे कोणी नाही, त्या छोट्या कारखान्याने हे एकट्याने करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पैशाचा प्रश्न त्याहून नाजूक. शेजाऱ्यांनी विचारले, आम्ही माल आज देणार, तुला पैसे कधी येणार? भाऊने थोडी आगाऊ रक्कम आणि उरलेल्यासाठी बघताक्षणी देय लेटर ऑफ क्रेडिट मागितले होते. गिऱ्हाइकाने ते मान्य केले. तरी शेजारी खूश नव्हते. शेवटी एका पानाचा करार झाला: आगाऊ रक्कम तिघांत मालाच्या प्रमाणात, उरलेले बँकेत जमा झाल्यापासून आठवड्यात, आणि भांडण झाले तर नाना आणि अध्यक्ष जे सांगतील ते मान्य. कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, त्यामुळे शेजाऱ्यांच्या हाती ते हत्यारही होते. पण मला विचाराल तर सह्या झाल्या त्या नानांच्या शब्दावर.

गिऱ्हाईक खरे की खोटे

गटावरचे बाकीचे सभासद याच भीतीने गप्प बसले होते. चेंबरने इथे जे केले ते एकट्या कारखान्याला जमत नाही. दुबईत १९६५ पासून चेंबर आहे आणि तिथल्या कंपन्यांची नोंद त्यांच्याकडे असते. आपल्या चेंबरने स्वतःच्या पत्रावर चौकशी केली. संस्थेचे संस्थेला पत्र गेले की उत्तराची शक्यता वाढते. कंपनीची नोंद, परवान्याचा प्रकार आणि व्यवसायाचे स्वरूप कळले. दुसऱ्या बाजूने निर्यात पतविमा देणारी ईसीजीसी, १९५७ पासूनची सरकारी कंपनी, हिच्याकडून गिऱ्हाइकाची पत पाहिली. पहिल्यांदाच निर्यात करणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना परिषदेचे शुल्क, विम्याचा हप्ता आणि चाचणी-प्रमाणनाचा खर्च काही मर्यादेत परत देणारी केंद्राची योजना २०२२ पासून आहे. भाऊला ती माहीत नव्हती. चेंबरच्या फलकावर ती लागली होती, पण फलक कोण वाचतो? बैठकीत कोणीतरी मोठ्याने सांगितली, तेव्हा अर्ज झाला.

मूळ प्रमाणपत्राची धावपळ

लेटर ऑफ क्रेडिटमध्ये एक ओळ होती: चेंबर ऑफ कॉमर्सने दिलेले मूळ प्रमाणपत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. माल भारतात बनला, एवढेच हा कागद सांगतो. १९२३ च्या जिनिव्हा करारापासून देशोदेशीची सरकारे हे काम व्यापारी संघटनांवर सोपवत आली आहेत, आणि जगभरच्या चेंबर्सना खरा दर्जा या कागदाने दिला, असे मला वाटते. सत्कार-समारंभ कुठलीही संस्था करू शकते. बँक ज्याच्या शिक्क्यावर पैसे सोडते, ती संस्था वेगळी.

पण आपल्या जिल्ह्याच्या संघटनेला तो अधिकार नाही. केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या यादीत ज्या संस्थांची नावे आहेत, त्याच हे प्रमाणपत्र देऊ शकतात. अर्ज राज्य पातळीवरच्या संघटनेकडे करावा लागला. वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र चेंबर त्यांपैकी एक. आता अर्ज महासंचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइनच होतो, म्हणून नाशिक-मुंबईच्या खेपा वाचतात. तरी कागदातली एक चूक दुरुस्त करायला ज्यांना माल आणि कारखाना माहीत आहे अशी माणसे जवळ असावीत, असे त्या दोन दिवसांत प्रकर्षाने जाणवले. माल गोदामात तयार, जहाजाची तारीख ठरलेली, आणि बिलावरच्या मालाच्या वर्णनात व प्रमाणपत्रातल्या वर्णनात तोच नानांनी सांगितलेला एका शब्दाचा फरक. वेळेत सापडला.

दुसरे एक प्रमाणपत्र आहे, सवलतीचे. भारत आणि संयुक्त अरब अमिरातींचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याखाली बहुतांश भारतीय मालावरचे तिकडचे सीमाशुल्क, जे साधारण ५ टक्के असते, ते उतरले किंवा गेले. ही सवलत हवी तर सरकारने नेमलेल्या संस्थेचे वेगळे प्रमाणपत्र लागते आणि मालाचे मूळ भारतीयत्व हिशेबाने दाखवावे लागते. भाऊच्या गिऱ्हाइकाचा बराच माल दुबईच्या जेबेल अली बंदरालगतच्या मुक्त क्षेत्रातून पुढे आफ्रिकेला जाणार होता; तिथे अमिरातींचे शुल्क लागतच नाही, त्यामुळे त्याने साधे प्रमाणपत्र मागितले होते. हा फरक बैठकीत उलगडला तेव्हा एका शेजाऱ्याच्या लक्षात आले की अमिरातींतच विकणारे गिऱ्हाईक शोधले तर आपल्याला पाच टक्क्यांचा भाव बोलता येईल. त्याचे डोळे चमकलेले मी पाहिले. पुढची गडबड तिथूनच सुरू झाली.

माल गेला, पैसे आले, आणि मग

ट्रक धुळ्यावरून आग्रा रोडने नाशिक, कसारा घाट उतरून न्हावा शेव्याला पोचले. कंटेनर तिथल्या कंटेनर स्टेशनात भरला. बँकेने कागद स्वीकारले, पैसे आले, करारात लिहिल्याप्रमाणे तिघांना मिळाले. पुनर्वापराच्या दाण्याचा माल करणाऱ्या शेजाऱ्याने त्यानंतर कोऱ्या दाण्याची वेगळी लाइनच सुरू केली, देशातल्या बाजारासाठीसुद्धा.

दुसऱ्या मागणीच्या वेळी कळले की तिसऱ्या कारखान्याने त्याच दुबईवाल्याला परस्पर कमी भावाचा ईमेल केला आहे. गिऱ्हाइकानेच तो भाऊला दाखवला आणि तेवढाच भाव मागितला. भाऊ संतापला, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. बैठकीत आवाज चढले. ज्याने ईमेल केला त्याचे म्हणणे असे की करारात कुठे लिहिले होते, परस्पर भाव द्यायचा नाही म्हणून? खरेच लिहिले नव्हते. आम्ही पैशाच्या वाटणीचा विचार केला, गिऱ्हाइकाच्या मालकीचा केला नाही.

चेंबरने कोणाला काढून टाकले नाही. नव्या करारात दोन ओळी वाढल्या: गटाने मिळवलेल्या गिऱ्हाइकाला ठराविक मुदतीपर्यंत कोणी परस्पर भाव द्यायचा नाही, आणि नवे गिऱ्हाईक ज्याने आणले त्याला त्या गिऱ्हाइकाच्या व्यवहारात निर्यातदार होण्याचा पहिला हक्क. ईमेल करणाऱ्याने सही केली, पण सहा महिने बैठकीला तो दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा. केळीवाल्यांना हे सगळे आपल्या आधी कळले आहे, असे मला राहून राहून वाटते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. तिथे एका शेतकऱ्याच्या बागेत कंटेनर भरत नाही, हे सुरुवातीपासून उघड असते, त्यामुळे गट करावाच लागतो. कारखानदाराला वाटते की आपले आपण भागवू, म्हणून तो गटाकडे उशिरा वळतो.

चेंबरकडून काय राहिले

तीन गोष्टी मी बैठकीत मांडल्या आहेत आणि इथेही मांडतो. पहिली, हे सगळे नाना, अध्यक्ष आणि दोन-चार माणसांच्या वेळेवर उभे राहिले. नानांना माहीत आहे ते कुठेही लिहिलेले नाही. मी आता प्रत्येक व्यवहाराची फाइल चेंबरच्या कार्यालयात ठेवायला लावली आहे: मागणी, लेटर ऑफ क्रेडिट, कुठे अडले, कसे सुटले. भाव झाकून, बाकी उघडे. दुसरी, धुळे-नंदुरबारचे सभासद या बैठकांना येत नाहीत, कारण जळगावात बैठक म्हणजे त्यांचा दिवस जातो. दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरचीवाल्यांना शेतमालाच्या निर्यातीत याहून कठीण कागदांना तोंड द्यावे लागते. कीटकनाशकांचे अंश आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) यांच्या चाचण्यांवर माल परत येतो. त्यांच्यासाठी बैठक धुळ्यात भरायला हवी. तिसरी, मूळ प्रमाणपत्र देण्याच्या अधिकारासाठी आपल्या संघटनेने रीतसर अर्ज करावा. त्यासाठी पूर्णवेळ, कागद वाचता येणारा कर्मचारी नेमावा लागेल आणि सभासदांनी वर्गणी वाढवून द्यावी लागेल. वर्गणीचा विषय निघाला की खोलीत शांतता पसरते. तरी या वेळी वर्गणीवाढीचा ठराव भाऊने मांडला आणि त्याला अनुमोदन दिले ते दाराजवळच्या खुर्चीवर बसणाऱ्यानेच. सर्वसाधारण सभेत तो मंजूर झाला तर पुढच्या आर्थिक वर्षापासून माणूस नेमता येईल. गटाच्या गोदामाचे भाडे मात्र आता वाहतूकदाराला नियमाने दिले जाते.